साखळीचं दुसरं टोक

मी पुढं आयुष्यभर इंजिनिअरिंगच्या मुलांना जमिनीची मोजणी शिकवली. पण मी स्वतः ती शिकले कॉलेजात नव्हे, तर आमच्या तिसगावच्या माळावर, भर मे महिन्यात, आईला सोबतीला घेऊन.

ते चाळीसचं दशक होतं आणि आमच्या कॉलेजात मुलगी म्हणजे मी एकटीच. मुलं वाईट नव्हती. त्यांनी मला कधी त्रास दिला नाही. त्यांनी मला काहीच दिलं नाही, बोलणंसुद्धा. मी पहिल्या बाकावर बसायची, माझ्या मागचा बाक रिकामा राहायचा आणि त्याच्या मागून वर्ग सुरू व्हायचा. अभ्यास एकटीनं होतो, ड्रॉइंगही एकटीनं काढता येतं. जमीन मात्र एकट्यानं मोजता येत नाही. लोखंडी साखळीचं एक टोक एकानं धरायचं आणि दुसरं दुसऱ्यानं, म्हणून मोजणीला जोड्या लावायचे. माझ्याशी ज्याची जोडी लागे त्याला बाकीचे इतकं चिडवत, की तो बिचारा दुसऱ्या दिवशी आजारी पडे. असे दोघे-तिघे आजारी पडल्यावर प्रोफेसरांनी मला बोलावलं.

"सुट्टीत घरचं कुणीतरी घेऊन एखादं रान मोजा आणि नकाशा आणा," ते म्हणाले. "नाहीतर तुमचं वर्ष जाईल." साखळी त्यांनीच मिळवून दिली.

वर्ष गेलं असतं तर माझं शिक्षण तिथंच संपलं असतं. आईचा त्याला पहिल्यापासून विरोध होता. आमच्या मिशनच्या आवारातल्या मुली नर्स व्हायच्या, नाहीतर शाळेत बाई. "चारचौघींत ऱ्हाशील," हे तिचं म्हणणं. बाबा गावच्या मिशन शाळेत मास्तर. त्यांनीच हट्टानं मला पाठवलं होतं. आईला कारण मिळू नये म्हणून मी घरी लिहायची, इथं सगळे भावासारखे वागतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडली असती तर आईनं मला परत धाडलंच नसतं.

बाबांना दम्यामुळं चालवेना, तेव्हा आईच तयार झाली. "सगळ्यांनाच घरी अभ्यास दिलाय," असं मी तिला सांगितलं. तिनं डोक्यावरचा पदर घट्ट गुंडाळला आणि साखळीचं टोक हातात घेतलं. बाजरीच्या धसकटांतून आम्ही चालत होतो. मध्ये साखळीभर अंतर, त्यामुळं बोलणं म्हणजे "ओढ" आणि "थांब" एवढंच. तरी खरं सांगते, त्या उन्हात मला फार बरं वाटत होतं. साखळी ताणली गेली की पलीकडं कुणीतरी आहे, हे हाताला कळतं. कॉलेजात गेल्यापासून मला असं कुणी कळलंच नव्हतं.

मोजणी म्हटली की गावाचे कान टवकारतात. शेजारच्या रानाचे मालक बांधावर येऊन उभे राहिले.

"मास्तरीनबाई, कुनाची मोजनी म्हनायची ही? सरकार रान घेतंय का?"

"न्हाई वो दादा. पोरीचा अभ्यास हाय."

त्यांचा जीव भांड्यात पडला आणि ते मोकळेपणानं बोलू लागले. "मंग कालिजात एवढी पोरं असत्यात की. त्यांना सोडून तुमाला कशापायी उनात आनलं?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी मान खाली घालून आकडा लिहीत राहिले.

"तिला माज्याबिगर करमत न्हाई," आई म्हणाली आणि साखळी ओढत पुढं चालायला लागली.

त्यानंतर सबंध सुट्टीत तिनं तो विषय काढला नाही. नकाशा पुरा झाला, बाबांनी तो भिंतीला लावून पाहिला, दोनदा कौतुक केलं. मी मात्र रोज वाट बघत होते, की आज ती म्हणेल, आता पुरे, जायचं नाही.

निघायच्या दिवशी ती भाकरीचं गाठोडं घेऊन नगरच्या मोटारीपर्यंत आली. नकाशाची गुंडाळी तिनं काखेत धरली होती आणि ती काही केल्या माझ्या हाती देईना.

"पुढच्या साली बी मोजायचं असतंय का?"

"असतं."

"मंग मी यीन तिकडं. आठ दिस ऱ्हाईन. धरीन की मी."

हो म्हणावंसं इतकं वाटत होतं, की मी दुसरीकडं पाहिलं. "नाही चालायचं गं आई. तिथं बाहेरच्या माणसाला घेत नाहीत."

"आन तुला घेतलंय व्हय?"

तिनं नकाशा माझ्या हातात दिला, पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, चढ. मोटार सुटंल."