सायबिणीला पोचवताना

देवावर माझा विश्वास उरला नव्हता असं मी म्हणणार नाही, पण त्याच्याशी बोलणं मी कमी केलं होतं. कारण अगदी साधं होतं. माझ्या अंगाला खाज सुटत होती. दीड-दोन वर्षं अंगावर पित्त उठत होतं. हातांवर, पोटावर, मानेवर लाल गांधी उठायच्या, तासाभराने विरायच्या आणि दुसरीकडे उठायच्या. कोलंबी सोडली, अंडं सोडलं, वांगं सोडलं, साबण बदलला. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या चांगल्या आल्या. गोळी घेतली की झोप येई, खाज मात्र जागी राही. मालवणजवळ आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे आणि पाहुण्यांचं जेवण मीच करते. ताट वाढताना पाहुण्यांची नजर माझ्या हातांवर गेली की मी ताट ठेवून आत पळायची. भर उन्हाळ्यात मी लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून घेतले. चर्चमध्ये मिस्साला मी शेवटच्या बाकावर बसायची, म्हणजे मध्येच उठून बाहेर जाता येई. एका जागी बसणं मला जमतच नव्हतं.

दुसरी गोष्ट मी डॉक्टरांना सांगितली नव्हती, कारण तिचा पित्ताशी संबंध असेल असं मला वाटत नव्हतं. आमच्या मागल्या अंगणाला लागून माझ्या मोठ्या जावेचं घर आहे. तिचं नाव फिलोमिना, मी तिला वैनी म्हणते. तिचं माहेर आरोंद्याचं. माझ्या मुलीचं लग्न आरोंद्याच्याच एका मुलाशी ठरलं होतं, हॉलसुद्धा बघून झाला होता. आणि एका रविवारी चर्चबाहेर मुलाच्या आईने सहज चौकशी केली तेव्हा वैनीने सांगितलं, पोर गुणाची आहे, लहानपणी आकडी यायची तेवढंच. आकडी एकदाच आली होती, तीही ती दोन वर्षांची असताना, तापात. स्थळ मोडलं. मी वैनीला विचारायला गेले नाही, ती सांगायला आली नाही. दोन्ही घरांमधली पायवाट मी काटेरी वई, म्हणजे कुंपण, घालून बंद करून टाकली. तेव्हापासून येशूने शिकवलेली 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणताना, आम्ही जशी इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, या ठिकाणी माझं तोंड आपोआप मिटायचं. न करता केल्याचं सांगायचं म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोलायची मला सवय नाही.

मुलगी पुण्याला नर्स आहे. तिला मी एकदा फोनवर हे सगळं पुन्हा ऐकवलं. ती म्हणाली, "मम्मा, माजां लगीन मोडलां, तुजां नाय. तू कित्याक धरून बसलंस?" मी फोन ठेवला आणि दंड खाजवत बसले.

शेवटी चर्चमधल्या बायकांनी आग्रह केला म्हणून बांद्याच्या पलीकडे, गोव्याच्या हद्दीत, आरोग्यासाठी प्रार्थनासभा होती तिला गेले. प्रवचन करणाऱ्याने सांगितलं, डोळे मिटा, ज्याने तुम्हाला दुखावलं त्याचा चेहरा समोर आणा आणि म्हणा, मी तुला क्षमा केली. आजूबाजूच्या बायका रडत होत्या. मी डोळे मिटले, वैनीचा चेहरा आला आणि अंगभर अशी आग उठली की मी चप्पल शोधून सरळ बाहेर पडले. बांद्याहून एसटी पकडली. मनात म्हटलं, झालं, हाही उपाय करून झाला.

गाडीत एक तरुण बाई दोन पिशव्या आणि तान्हं मूल घेऊन चढली. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि "मावशे, जरा ह्याका घेशात? पिशये वर ठेवतंय," म्हणत मूल माझ्या मांडीवर ठेवलं. पिशव्या ठेवल्या, पुढे जागा मिळाली तिथे ती बसली आणि दमून झोपली. मूलही झोपलेलं, त्याचं डोकं माझ्या डाव्या दंडावर, नेमकं गांधींवर. हात हलवला असता तर ते उठलं असतं. म्हणून नाही हलवला. खाज आली, वाढली, डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती दमल्यासारखी कमी झाली. सावंतवाडीला त्या बाईने मूल घेतलं, "त्रास नाय ना दिल्यान?" म्हणून हसली आणि उतरली. इतका वेळ मी अंगाला नख लावलं नव्हतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं. पण तेव्हा त्याचा मी काही अर्थ लावला नाही.

भातकापणी उरकली की आमच्या वाड्यात, म्हणजे वस्तीत, सायबीण फिरते. सायबीण म्हणजे मारियामातेची मूर्ती, काच लावलेल्या लाकडी पेटीतली. एक दिवस एका घरी तिचा मुक्काम. संध्याकाळी सगळा वाडा जमतो, त्या घरची माणसं तिला गाणी म्हणत पुढच्या घरी नेतात आणि तिथल्या माणसाच्या हातात देतात. हातातून हातात. मध्ये कुठे खाली ठेवायची नाही. तिथे मग रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होते आणि उकडलेले चणे वाटतात. आमच्यानंतर घर वैनीचं. आदल्या वर्षी माझ्या नवऱ्याने सायबीण नेली होती, मी डोकं दुखतं म्हणून घरात राहिले होते. या वर्षी तो सामान आणायला गेला आणि ऐन वेळी त्याचा फोन आला, टेम्पो तळेऱ्याला बंद पडला.

"माका उशीर होतलो. तूच घेऊन जा."

"मी नाय जावचंय."

"मगे काय करूया? सायबीण काय आपणाहून चलान जातली?"

अंगणात माणसं मेणबत्त्या पेटवून उभी होती. मी पेटी उचलली.

पायवाटेने गेलं असतं तर दोन मिनिटांत पोचलो असतो. पण पायवाटेवर वई होती, ती मीच घातलेली, त्यामुळे अख्खी मिरवणूक रस्त्याने वळसा घालून निघाली. पेटी जड होती आणि अर्ध्या वाटेतच पित्त उठलं. मनगटापासून खांद्यापर्यंत. दोन्ही हात गुंतलेले. वैनीच्या पायरीशी पोचलो तर दार बंद. आत दिवे लागलेले, दाराला झेंडूचं तोरण, आणि कोणी बाहेर येत नव्हतं. गाणं संपलं. दुसरं सुरू केलं, तेही संपलं. आमच्या वाड्यात प्रार्थना सांगते ती म्हातारी रोझीमाय. तिला धीर नाही.

"अगो फिलू," ती ओरडली, "सायबिणीक भायर उभी करून आत काय करतंस? पावडर लावतंस?"

माणसं हसली. मला हसू येत नव्हतं. माझे दंड जळत होते, पेटी घसरेल अशी भीती होती आणि मागे वळावं तर सगळा वाडा उभा. तिथे मी प्रार्थना केली. तिला प्रार्थना म्हणावी का, ठाऊक नाही. मी म्हटलं, सायबिणी, तुला खाली ठेवता येत नाही आणि मला खाजवता येत नाही. माझ्याकडून आता काही होण्यासारखं नाही. तूच बघ.

दार उघडलं. वैनी नव्या साडीत होती, पण डोळे सुजलेले. ती माझ्याकडे न बघता पेटीकडे बघत राहिली.

"माका वाटलां तू येवचंस नाय," ती म्हणाली. "मागल्या वर्षी पण नाय इलंस."

काय बोलायचं हे मी दोन वर्षं घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवलं नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "वैनी, आदी धर. माजे हात भरान इले."

तिने खालून हात घातले. क्षणभर पेटी दोघींच्या हातांत होती आणि माझी बाही वर सरकली. वैनीने गांधी पाहिल्या. "ह्यां काय गो?" तिने पेटी नीट नेऊन फुलांच्या टेबलावर ठेवली, आत गेली आणि वाटीभर कोकमाचं आगळ, पित्तावर लावतात तो घट्ट रस, घेऊन आली. सगळ्यांसमोर मला खुर्चीवर बसवून माझ्या हातांना ते चोळू लागली. आगळ माझ्याही घरात आहे. मी शंभरदा लावलं होतं. तरी मी हात पुढे करून बसले.

चोळता चोळता ती हळू आवाजात म्हणाली, "त्या दिवशी मी जां बोललंय..." आणि ती पुन्हा माझं मनगट चोळू लागली. तेच वाक्य मला हवं होतं. त्याच वाक्यासाठी मी दोन वर्षं थांबले होते. पण तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळताना पाहिलं आणि ते वाक्य तिच्याकडून पुरं करून घ्यावंसं मला वाटलं नाही. मी म्हटलं, "चणे उकडलंस ना? माणसां वाट बघतत." रोझीमायने रोजरी सुरू केली. आमच्या बापाच्या प्रार्थनेत ती ओळ आली तेव्हा माझं तोंड मिटलं नाही. इतरांबरोबर ओळ पुढे गेली, आणि गेल्यावर मला कळलं की मी ती म्हटली.

त्या रात्री मी गोळी न घेता झोपले. पित्त एकदम गेलं असं नाही. महिन्या-दोन महिन्यांत उठेनासं झालं, अजून क्वचित एखादी गांध दिसते. डॉक्टर म्हणतात, असं आपोआप बरं होतं. होत असेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही आणि गोळ्यांचं पाकीटही पर्समध्ये ठेवलं आहे. वैनीशी माझं सगळं गोड आहे असंही नाही, परवाच नारळांवरून आमचं खटकलं. पण खटकलं ते समोरासमोर.

एवढंच मला कळलं की क्षमा मी डोळे मिटून, मनातल्या मनात करायला गेले होते आणि ती मला झेपली नव्हती. देवाने मग माझे दोन्ही हात गुंतवले, आधी परक्या बाईच्या मुलाने, नंतर आपल्या आईच्या मूर्तीने, आणि मला वैनीच्या दारात नेऊन उभं केलं. एसटीतली ती तान्ह्या मुलाची आई मला पुन्हा दिसली नाही. रोज संध्याकाळी तिच्यासाठी एक प्रार्थना म्हणते.

पुढच्या पावसाळ्यानंतर गडी वई नव्याने घालायला आला, काटे तोडून ठेवू का विचारत होता. मी म्हटलं, बाकी सगळीकडे घाल, मागल्या वाटेवर नको. सायबीण यंदा तिथून जायची आहे.