कवळीताई आणि बारा डबे

दातांच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं कवळ्या बनवल्या म्हणून तिला सगळे कवळीताई म्हणत आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. घालणारा दोन दिवसांत विसरून जाईल की हे आपले दात नव्हेत, अशी कवळी करण्यात तिचा हातखंडा होता. गेल्या वर्षी मात्र उजव्या मनगटातली नस दबली. आधी बोटांना मुंग्या, मग बधिरपणा, मग ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, छान झालंय, खुशाल कामाला लागा. ती लागलीही. पहिल्याच दिवशी प्लास्टरचा साचा हातातून निसटला आणि फरशीवर त्याचे तुकडे झाले. कोणीतरी लगेच नवा साचा ओतायला घेतला. तिने मात्र एप्रनची घडी घातली, घरी आली, आणि त्यानंतर सात महिने ना कानस हातात घेतली ना चिमटा. कोणी विचारलंच तर म्हणायची, "पुरे झालं आता, आराम करते." आराम म्हणजे काय करायचं असतं, हे तिला अजून उमगलं नव्हतं.

एका गुरुवारी सकाळी तिचा धाकटा भाऊ बूट ठेवायचं एक खोकं घेऊन आला. बासष्ट वर्षांचा, जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला, डोक्यावर केस औषधालाही नाहीत; पण ताईच्या तोंडी तो बाळ्याच. वाचनालयाच्या तळघरात दहा-बारा जण मिळून छोट्या आगगाड्या चालवत, त्यांतला तो एक. चेहरा उतरलेला होता.

"रविवारी लोकांना बघायला बोलावलंय," तो खुर्चीत बसत म्हणाला. "सगळ्यांचे डबे जोडून बारा डब्यांची गाडी करायची ठरलं होतं. काल जोडली. वळणावर तिचे तीन तुकडे झाले."

"मग?"

"मग आमचे सेक्रेटरी म्हणाले, भेसळ चालणार नाही. त्यांच्या कंपनीचे पाच डबे आहेत, तेवढेच धावतील. बाकीचे बाजूच्या रुळावर शोभेला. माझे चारही शोभेला." त्याने खोकं टेबलावर ठेवलं. "मी रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. म्हटलं, माझी ताई बघेल."

"मला विचारलंस?"

"आत्ता विचारतोय की."

तिने खोकं पुढे ओढलं. सेक्रेटरींचे पाच सोडून उरलेले सातही डबे त्यात होते. डब्यांच्या दोन्ही टोकांना कपलर होते, अर्ध्या मिटलेल्या मुठीसारखे. एक मूठ दुसरीत अडकली की डबे जोडले गेले. पण डबे चार कंपन्यांचे, आणि चौघींची मूठ वेगळी. कुठे धातूची, कुठे प्लॅस्टिकची, एक वर, एक खाली. एका जुन्या कंपनीच्या दोन डब्यांना तर मूठच नव्हती, नुसता तारेचा फास आणि आकडा.

"मी सांगते, तू कर," ती म्हणाली. "माझा हात चालत नाही, ठाऊक आहे ना तुला."

बाळ्याने बस चालवलेल्या त्या रुंद हातांनी पहिला कपलर उघडला. आतली मोहरीएवढी स्प्रिंग टुणकन उडाली. दोघांनी गुडघे टेकून टेबलाखाली शोधलं, सतरंजी झटकली, बॅटरी लावून कपाटाखाली पाहिलं. अर्ध्या तासाने ती त्याच्याच स्वेटरच्या बाहीवर सापडली.

"आण इकडे तो चिमटा," ताई वैतागून म्हणाली.

तिने एक मोठी पारदर्शक पिशवी काढली, डबा आणि दोन्ही हात तिच्या आत घातले आणि स्प्रिंग जागेवर बसवली. उडाली असती तरी पिशवीतच राहिली असती. मग ड्रॉवरमधून तिने निळा कागद काढला. कवळी चावताना दात कुठे टेकतात हे पाहायचा तो कागद. त्याचा कपटा दोन मुठींच्या मध्ये धरून तिने डबे एकमेकांवर टेकवले. निळा डाग फक्त वरच्या कडेला उमटला.

"बघ. हा डबा अर्धा मिलिमीटर खाली बसलाय. सरळ रुळावर कसाबसा धरतो. जरा उंचसखल आलं की सुटतो."

ती एकेक डबा घेत गेली. जे डबे खाली बसले होते, त्यांच्या चाकांच्या चौकटीवर तिने पातळ पुठ्ठ्याच्या चकत्या घालून त्यांना वर उचललं. प्लॅस्टिकच्या मुठींवर साच्याची बारीक रेघ राहिली होती, ती घासून काढली. एका कपलरचा स्क्रू इतका आवळलेला होता की त्याला मान वळवता येत नव्हती. तो पाव फेरा सैल केला. बाळ्या तेलाची बाटली घेऊन आला, तर तिने त्याला परत पाठवलं. "तेलाला धूळ चिकटते. पेन्सिलीचं शिसं किसून दे." मग घेतले जुन्या कंपनीचे दोन डबे. ते तिने एकमेकांना त्यांच्याच आकड्याने जोडले आणि फक्त बाहेरच्या टोकांना मुठी बसवल्या. "आपसात त्यांना त्यांची भाषा बोलू दे," ती म्हणाली, "बाहेर मात्र सगळ्यांची बोलतील."

बाळ्या हसला आणि म्हणाला, "दोन वाजले, ताई. जेवायचं नाही का?"

दोन? म्हणजे तीन तास झाले होते. तिने बोटांकडे पाहिलं. मुंग्या नव्हत्या.  तिने चिमटा खाली ठेवला, स्वयंपाकघरात जाऊन नळाखाली हात धरले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. बाळ्याला काही कळू दिलं नाही. जेवून ती पुन्हा टेबलाशी बसली. राहिलेले डबे शुक्रवारी आणि शनिवारी झाले.

रविवारी सकाळी तळघरात मंडळी जमली. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी स्वतःचं इंजिन लावलं, मागे बारा डबे जोडले. गाडी हातभर गेली आणि इंजिन एकटंच पुढे निघून गेलं.

"बघा," सेक्रेटरी म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं."

बाळ्याचं तोंड एवढंसं झालं. ताईने पिशवीतून पुठ्ठ्याचं एक माप काढलं, घरी कपलरच्या उंचीचं कापलेलं, आणि आधी डब्यापुढे, मग इंजिनापुढे धरलं.

"डबा बरोबर आहे," ती हळूच म्हणाली. "तुमच्या इंजिनाची मूठ खाली झुकलीय. वापराने झुकते. मी हात लावू का?"

त्या इंजिनाला आजवर परका हात लागला नव्हता. सेक्रेटरींनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "लावा," ते म्हणाले.

बारा जणांच्या नजरा तिच्या बोटांवर होत्या. लॅबमध्येसुद्धा तिला कोणी असं निरखलं नव्हतं. तिने झाकणाचा स्क्रू काढला, नखाएवढा कागदाचा तुकडा मुठीच्या खाली सरकवला, स्क्रू लावला, मूठ बोटाने बाजूला सारून सोडली. ती आपसूक मधोमध परत आली. इंजिन मागे घेतल्यावर नेमका एक बारीकसा टक आवाज झाला.

गाडी निघाली. सरळ रूळ संपला, वळण आलं. बाळ्याने डोळेच मिटून घेतले. बारावा डबा वळणातून बाहेर पडला तेव्हा शेजारी उभ्या असलेल्याने बाळ्याला कोपराने ढोसलं. दुसरा फेरा झाला, पाचवा झाला, लोक जिन्यावरून उतरायला लागले तरी गाडी अखंड होती. ताई भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसली. सात महिने छातीवर काहीतरी जड ठेवल्यासारखं वाटत होतं, ते कोणीतरी उचलून नेलं होतं. तिने पोटभर श्वास घेतला आणि तिला अचानक सपाटून भूक लागली.

दुपारी सेक्रेटरी तिच्यापाशी येऊन घुटमळले. "घरी अजून सहा-सात डबे आहेत माझे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तसे बरे चालतात. पण एकदा नजर टाकलीत तर... उद्या आणू का?"

"उद्या नको," ती म्हणाली. "उद्यापासून मी लॅबमध्ये जातेय. संध्याकाळी सहानंतर कधीही आणा."

बाळ्या मागेच उभा होता.  तिची पिशवी उचलून तो जिना चढायला लागला आणि वर पोचल्यावर तिच्यासाठी दार धरून उभा राहिला.