डाव्या जोड्यावरचा डाग

बाबांचे म्हणून घरी आलेले जोडे बाबांचे नव्हते. ते आधी माझ्या लक्षात आलं, कारण बाबांच्या जोड्यात मी स्वतः सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला होता. टाचेला खिळा टोचायचा म्हणून. पोत्यातून काढलेल्या जोड्यात हात घातला, तर आत ट्यूब नव्हती.

मी सतरा वर्षांचा होतो. गोंदिया वेगळा जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी आमच्या गावातले म्हातारे गोंदियालाही आपलाच जिल्हा म्हणायचे. गाव शहापूरपासून आत, तलावाच्या काठाला. बाबा आणि गावातलेच त्यांचे एक मित्र वरठीच्या कारखान्यात एका ठेकेदाराकडे रातपाळी करायचे. मोटरसायकल मित्राची, जाणं-येणं दोघांचं एकत्र. पौषातल्या एका पहाटे धुक्यात गाडी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर गेली. दोघंही जागच्या जागी गेले. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. पोतं आठवतं.

दोघांचे जोडे ठेकेदारानं दिलेले, काळे, जाड तळाचे, एकाच मापाचे. सामान आणायला माझे काका गेले होते, बाबांचे धाकटे भाऊ. त्यांनी अंदाजानं दोन पोती भरली. एक आमच्याकडे दिलं, एक मित्राच्या घरी. पोलिसांपुढे बोलले तेही काकाच. गाडी ज्याची तोच चालवत होता, असं त्यांनी सांगितलं आणि तसंच लिहिलं गेलं. गावानंही ते मानलं, कारण दिवस बुडायच्या आत गावातून निघताना गाडी नेहमी मित्रच चालवायचे.

आमच्याकडे मेलेल्या माणसाचा जोडा घरात ठेवत नाहीत. तेरवीच्या आत घरच्याच माणसानं तो शिवेबाहेर टाकून यायचा आणि मागं वळून पाहायचं नाही. परक्याचा जोडा टाकून चालत नाही. म्हणून मायनं मला पोतं घेऊन बाबांच्या मित्राच्या घरी पाठवलं. ती स्वतः आली नाही. "त्या आंगणात मी पाय नाही ठेवत," म्हणाली.

दार त्यांच्या मुलीनं उघडलं. ती माझ्याच वयाची, शहापूरला माझ्याच कॉलेजात, पण कधी बोललो नव्हतो.

"जोडे बदलले," मी म्हणालो. "हे तुमचे हायत."

"कायवरून?"

"हात घालून पाहा. आमच्या जोड्यात ट्यूब हाय."

तिनं आतून दुसरं पोतं आणलं, जोड्यात हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग जोडी माझ्यापुढे ठेवली, टोकाला टोक लावून.

"तू टाकशील?" तिनं विचारलं.

"टाका लागते."

"मी नाही टाकत. कोणी विचारलं त टाकले म्हणून सांगजो."

मी हो म्हणालो. बाबांचे जोडे घेऊन मी शिवेपर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. गोठ्यामागं धानाच्या तणसाच्या ढिगात खोल खुपसून ठेवले आणि तेवढं तिला सांगितलं. दोन घरांत मिळून हे दोघांनाच माहीत होतं, आणि त्यावरून आमचं बोलणं सुरू झालं.

बोलणं म्हणजे काय, तर तलावाच्या बांधावर, पाळीवर बसणं. ती म्हशी घेऊन यायची, मी काही तरी निमित्त काढायचो. प्रेमाबद्दल लोक सांगतात तसं मला काही झालं नाही. त्या दिवसांत जेवण बेचव लागायचं, कोणी हाक मारली तर ती दुसऱ्याला मारल्यासारखी वाटायची. तिच्याजवळ बसलो तरी तसंच वाटायचं. फरक एवढाच की तिलाही तसंच वाटतंय हे कळायचं. कधी ती एखादा खडा पाण्यात टाकायची, तो बुडाल्यावरही दोघं तिकडेच पाहत राहायचो.

होळीच्या आसपास तिनं मला ते सांगितलं.

"बाबाले रातचं दिसत नव्हतं."

"म्हणजे?"

"दिवस बुडाला का काहीच नाही. आंगणात जाचं असलं त मले हात धरून न्या लागे. ठेकेदाराले समजलं त काम जाईन, म्हणून कोणाले सांगू नको म्हणे. मी नाही सांगितलं. मायलेही नाही." तिचा आवाज एकसारखा होता, धडा वाचावा तसा. "मी बोलली असती त दोघंही असते. तुहा बाप मी मारला."

मी तिचा हात धरला. पहिल्यांदा. हात गार होता आणि तिनं काढून घेतला नाही.

तेव्हापासून मला तिच्याबद्दल जे वाटायचं त्यात ही गोष्टही होती की ती माझी गुन्हेगार आहे आणि मी तिला माफ केलं आहे. सतरा वर्षांच्या पोराला ते फार मोठं वाटतं. माझी माय रस्त्यानं समोरून आली की ती चपला काढून कडेला उभी राहायची. माय तोंड फिरवून निघून जायची. मी ते पाहायचो आणि संध्याकाळी पाळीवर तिच्याशी जास्त मऊपणानं बोलायचो.

दरम्यान ठेकेदारानं एक माणूस कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. चालवणाऱ्याची चूक, त्याच्या घरचं काही नाही. मागं बसलेल्याच्या घरातला एक जण घेतो, असं तो म्हणाला. ती जागा काकांनी घेतली. "तुहे अठरा भरू दे बाबू, मंग तुलेच देतो. तोवर मी धरून ठेवतो." माय पदर तोंडाला लावून बसली होती. ती काही बोलली नाही, आणि काकांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

उन्हाळ्यात मी शहापूरच्या हायवेवर एका गॅरेजात कामाला लागलो. तिथले मिस्त्री जुन्या गाड्या घ्यायचे आणि विकायचे. गाडी विकायला आलेला प्रत्येक जण म्हणतो, गाडी नुसती घरी उभी असते, चालवतच नाही. मिस्त्री गाडीकडे पाहायचेच नाहीत. माणसाच्या डाव्या पायाकडे पाहायचे.

"गेर टाकताना पायाचं टोक दांडीखाली जाते," ते मला म्हणाले. "जोड्याच्या वर डाग पडते. रोज चालवत असन त तिथं चामडं घासून जाते. तोंडानं काय बी सांगो, जोडा खोटं बोलत नाही."

मी हातातला पाना खाली ठेवला. पाणी प्यायलो. संध्याकाळी घरी येऊन तणसात हात घातला आणि बाबांचा डावा जोडा काढला. अंगठ्याच्या वर, रुपयाएवढ्या जागेत चामडं घासून पांढुरकं झालं होतं. तो डाग मी शेकडो वेळा पाहिला होता. कारखान्यात कुठं तरी घासत असेल, असं समजलो होतो.

एका पहाटेत असा डाग पडत नाही. बाबा रोज गाडी चालवत होते. गावातून निघताना मित्र चालवायचे, आणि पुढं कुठं तरी दोघं जागा बदलायचे, म्हणजे मित्राचं कोणाला कळू नये. माझ्या बापानं स्वतःच्या मित्राची लाज झाकली होती. आणि त्या पहाटेही गाडी त्यांच्याच हातात होती.

हे मी तिला त्याच संध्याकाळी सांगायला हवं होतं. ती पाळीवर होती. मी गेलो, बसलो आणि सांगितलं नाही. आधी काकाशी बोलू, मग सांगू, असं ठरवलं. काकाची नोकरी बाबा मागं बसले होते यावर उभी होती, म्हणून जोडा ही माझ्याकडची एकच वस्तू होती जिची काकाला भीती वाटली असती, आणि अशी वस्तू दाखवायची वेळ विकणाऱ्यानं ठरवायची असते. आणखी एक होतं. बाप माझा चालवत होता हे तिला कळलं, की माफ करायचं काम तिच्याकडे जाणार होतं.

पावसाळा लागला, रोवणे सुरू झाले. ती दिवसभर चिखलात वाकून धानाची रोपं, परहे लावायची आणि संध्याकाळी दिवे लागले की घराबाहेर पडायची नाही. बापाला रातचं जसं दिसत नव्हतं तसं आपल्यालाही दिसू नये असं वाटतं, हे तिनं मला सांगितलं. मी ऐकून घेतलं.

पोळ्यानंतर मला अठरा पूर्ण झाले. मी काकांकडे गेलो. ते खाटेवर बसले होते, पायात ठेकेदाराचे नवे जोडे.

"काका, अठरा भरले."

"मंग? ठेकेदार आता पोट्टे घेत नाही."

मी डावा जोडा खाटेवर ठेवला. तेव्हाही माझं डोकं लवकर तापायचं, पण त्या दिवशी आवाज चढवला नाही.

"हा टाकला नाही काय बे?"

"नाही. हा डाग कायचा हाय, सांगा."

काकांनी जोड्याच्या टोकावरून अंगठा फिरवला. "शिवेजवळच्या नाल्याच्या रपट्यावर जागा बदलत होते," ते म्हणाले. "मी वावरातून पाहिलं हाय. अरे, तुह्या बापाच्या अंगावर येऊ नये म्हणून बोललो मी."

"आणि नोकरी?"

"ते मंगचं. तुले काय पाहिजे ते सांग."

तीन दिवस आमचं चाललं. नोकरी त्यांनी सोडली नाही. मी त्यांच्या वाट्याची शहापूरच्या रस्त्याकडची जमिनीची पट्टी मागितली, टिनाचं शेड टाकता येईल एवढी. कागदावर अंगठा उठल्यावर त्यांनी दोन्ही जोडे मागून घेतले आणि माझ्यासमोर चुलीत घातले. ट्यूबचा वास घरभर झाला. काकू खोकत बाहेर गेली. पुष्कळ वर्षं मी तो माझा पहिला चांगला सौदा मानत होतो.

दिवाळीनंतर गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली. पाव्हणे आले, दुकानं लागली, लग्नाच्या गोष्टी निघू लागल्या. तिला मी पाळीच्या मागं बोलावलं आणि आनंदाची बातमी सांगावी तसं सगळं सांगितलं. जोड्याचा डाग, मिस्त्रींचं म्हणणं, रपटा, काकाला कसं कोंडीत धरलं, जमीन कशी काढली. आता शेड टाकतो, मग तुझ्या मायला विचारायला येतो, हेही.



"कधी समजलं तुले?"

"उन्हाळ्यात."

"आता दिवाळी झाली."

"हो, पण काकाशी..."

"म्हणजे पावसाळाभर तुले माहीत होतं." ती म्हणाली. "मी चपला काढून उभी राहो तेव्हा."

मी पुन्हा काकाचं सांगायला लागलो.

"जोडा कुठं हाय?"

"काकानं जाळला."

तिनं मान हलवली आणि मंडईच्या गर्दीत निघून गेली. मला वाटलं, राग उतरेल. माझा उतरतो तसा.

बाबांची वर्षी आली. आंगणात पंगत बसली होती, चाळीसेक माणसं, मिस्त्रीही होते. मी वाढत होतो. फाटकातून ती आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. हातात पिशवी होती. तिनं पिशवीतून तिच्या बाबांचे जोडे काढले आणि पानांच्या मधल्या मोकळ्या जागेत ठेवले.

तो विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. आमचे जोडे जळाले म्हणजे संपलं, असं मी धरून चाललो होतो. तिच्याकडे दुसरी जोडी होती. डाव्या जोड्याचं टोक दुकानातून आणल्यासारखं कोरं होतं.

"बेशरम पोट्टी," कोणी तरी बोललं. "जेवणात जोडे आणते."

"मी जातो आता," ती म्हणाली. "एकच इचारतो." ती माझ्याकडे वळली. "तू गाडीवाला हायस. सांग. हा रोज गाडी चालवणाऱ्याचा जोडा हाय काय?"

काका हात धुवायचे थांबले. माय ओसरीवर खांबाला टेकून बसली होती, बाबांच्या फोटोखाली. ती माझ्याकडे पाहत होती. मिस्त्री पानाकडे पाहत होते. उत्तर त्यांनाही माहीत होतं, पण विचारलं मला होतं.

मी जोडा उचलला. उगाच उलटापालटा केला, गिऱ्हाइकासमोर करतो तसा.

"एका जोड्यावरून काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

तिनं माझ्या हातातून जोडा घेतला, दोन्ही पिशवीत ठेवले. जाताना मायकडे पाहून म्हणाली, "येतो जी काकू." माय पहिल्यांदाच तिला म्हणाली, "ये."

पुढच्या वर्षी तिचं लग्न पवनीकडे झालं. माझं दुकान त्याच पट्टीवर आहे, आता पक्कं बांधलेलं, बाहेर वीस-पंचवीस गाड्या उभ्या असतात. काकाशी मी बोलत नाही. त्यांनी माझी नोकरी खाल्ली, आणि त्याची चीड अजून गेली नाही. तिच्यावरही मला थोडा राग आहे. मला एकट्याला विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं म्हणत आलो आहे. पाळीवर बसून मला एकट्याला ती पावसाळाभर तेच विचारत होती, हेही मला कळतं.

वर्षीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर जायला निघालो. शिवेबाहेर, रस्त्याच्या कडेला गवतात, तिच्या बाबांचे जोडे ठेवले होते. फेकलेले नव्हते. टोकाला टोक लावून ठेवले होते, आणि त्यांच्यावर दंव पडलं होतं. मी सायकलवरून उतरलो नाही. थोडं पुढं गेल्यावर मात्र मागं वळून पाहिलं.