डिंपलच्या तोंडाला हात लावून दाखवा

आमच्या सिहोऱ्याच्या डिंपलशी बॉक्सिंग खेळणं म्हणजे वाऱ्याशी भांडणं. हे मी ऐकीव सांगत नाही. ती माझी चुलत बहीण, माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि तिच्या सरावाला दुसरं कोणी मिळत नाही म्हणून मीच उभा राहतो. कॉलेजात असताना मी जिल्ह्यापर्यंत खेळलोय. आता गावात मोबाइलचं दुकान आहे, पोट थोडं पुढे आलंय, पण माझा ठोसा अजून दणदणीत बसतो. म्हणजे, बसला तर.

लोकांना वाटतं, जी मारायला येत नाही ती भित्री. मलाही वाटायचं. ग्रामपंचायतीच्या सभागृहात तिच्यासमोर उभा राहिलो की पहिलं मिनिट मी खुशीत असतो. माझा हात जातो, आणि जिथे तिचं नाक होतं तिथे काहीच नसतं. लागलेला ठोसा कुठेतरी थांबतो तरी. हुकलेला ठोसा माणसाला सोबत ओढत नेतो. खांदा लोंबतो, पाय अडखळतात, आणि मी सावरेपर्यंत तिचा डावा हात माझ्या कपाळाला टप्पकन लागून परतही गेलेला असतो. दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. मग मला राग येतो, रागात मी आणखी जोरात मारतो आणि आणखी जोरात हुकतो. दमवायचं काम ती करतच नाही, ते आपलं आपणच करतो. शेवटी मी खुर्ची शोधतो आणि ती विचारते, "दादा, पाणी आणू का?"

आता खरं सांगायचं तर ही चुकवाचुकवी तिची हौस नव्हे, मजबुरी आहे. डिंपलनं बॉक्सिंगचं नाव काढलं तेव्हा तिच्या आईनं, म्हणजे माझ्या कौशल्याकाकूनं, घर डोक्यावर घेतलं होतं. जागेश्वरकाका "तुही माय जाणे" म्हणून बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, निघून गेले. दोन दिवस अबोला धरून शेवटी काकूनं अट घातली.

"खेळ. पण तोंडावर एक डाग जरी दिसला, त त्या दिवशी खेळ बंद. उद्या पाहुणे पाहाले येतीन त काय सांगू मी? पोरीले बैलानं मारलं?"

तेव्हापासून प्रत्येक सामन्यानंतर काकू तिला दारातच उभी करते, भर उन्हात टॉर्च लावते आणि तोंड तपासते. काकूची नजर म्हणजे नजर. सुपातल्या तांदळातला खडा ती ओसरीच्या दुसऱ्या टोकावरून सांगते. एकदा गालावर बारीक लाल ठिपका सापडला. मोठा खटला चालला. शेवटी निघालं की मच्छर चावला होता, तर काकू म्हणते, "मच्छराले तरी कायले चावू देलं व?"

चुकवायची विद्या मात्र तिला घरच्याच बांधीत मिळाली. आमच्याकडे धानाच्या रोवण्याचा शेवटचा दिवस आला की रोवणाऱ्या बाया मालकाला नि त्याच्या घरच्यांना चिखल माखतात, आणि बोजारा, म्हणजे रोवणा संपल्याची मेजवानी, कबूल करून घेतल्याशिवाय सोडत नाहीत. काका दरवर्षी लगेच सापडतात. मला तर शंका आहे, ते मुद्दाम सापडतात. डिंपल मात्र लहानपणापासून कोणाच्या हाती लागली नाही. बायांची म्होरकी शकुनबाई, तिचा चिखलाचा गोळा कधी चुकत नाही, पण दोन बांध्यांमधल्या निसरड्या धुऱ्यावरून उलट्या पावली पळणाऱ्या या पोरीपुढे तिनंही हात टेकले.

"हात पाहाचाच नाही, दादा," डिंपल मला समजावते. "हात फसवते. खांदा पाहाचा."

मी तिचा खांदा पाहत बसलो, तर कपाळावर टप्प!

भंडाऱ्याच्या सामन्यांत तिनं एकीला इतकं रडकुंडीला आणलं की ती पोरगी लढायचं सोडून पंचाकडेच तक्रार करायला लागली, "सर, हे उभीच राहून नाही राहिली!" असं करत करत डिंपल नागपूरला पोचली. शेवटचा सामना. जिंकणारी राज्याच्या स्पर्धेला जाणार. आणि नेमकं त्याच वेळी काकूच्या मनात आलं, पोट्टी करते तरी काय ते एकदा पाहावं. चिवड्याची पिशवी घेऊन बाई पहाटेच्या एसटीत चढली.

डिंपलच्या कोपऱ्यात मी, समोर रेणू नावाची नागपूरची मुलगी. तिचा कोच पक्का हुशार. त्यानं तिला एकच गोष्ट शिकवली होती, हिच्या मागे धावायचं नाही. रेणू हनुवटीशी हात धरून मधोमध उभी. डिंपल तिची वाट पाहते, ती डिंपलची. पहिली फेरी अशीच गेली. दुसरीत पंचानं दोघींना ताकीद दिली. लोक शिट्ट्या मारायला लागले, कोणीतरी ओरडलं, "दोघींले चहा सांगा बे!"

मागून काकूनं माझ्या पाठीत बोट खुपसलं. "मनिष, सुरू कवा होते गा?"

"काकू, दोन फेऱ्या झाल्या."

"अन् हे पाहाले मी तुमसरपासून एसटीत उभी राहून आली?"

डिंपल कोपऱ्यात आली. "दादा, हे तर येऊनच नाही राहिली."

"मंग तू जा."

"कशी जाऊ? आत गेली त तोंड उघडं पडते ना."

ती माझ्याशी बोलत होती आणि पाहत होती आईकडे. आत जाऊ नये तर राज्याची स्पर्धा गेली, जावं आणि डाग पडला तर खेळच गेला. इतकी वर्षं त्या पोरीचा मला नुसता राग यायचा, त्या वेळी फार वाईट वाटलं.

काकूला बॉक्सिंगचं काही कळत नाही, पण पोरीचं तोंड कळतं. ती ताडकन उठली आणि चिवड्याची पिशवी हलवत ओरडली, "व डिंपल! अशी काय बुजगावण्यावानी उभी हायस? बोजारा घेतल्याबिगर सोडू नको तिले!"

नागपूरच्या लोकांना काही समजलं नाही. डिंपलला समजलं. तिसऱ्या फेरीची घंटा झाली आणि ती शकुनबाईसारखी सरळ रेणूवर चालून गेली. जन्मभर चिखलापासून पळालेल्या पोरीला, माणसाला गाठायचं कसं हेही ठाऊक असणारच. रेणूचा एक उजवा ठोसा डिंपलच्या डोळ्यावर असा बसला की मीच डोळे मिटले. डिंपल थांबली नाही. टप्पटप्प नाही, दणादण मारत होती. हिच्या हातात एवढा जोर आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि माझ्या कपाळानं देवाचे आभार मानले. तीन पंच तिच्या बाजूनं, दोन रेणूच्या. आमची पोरगी जिंकली, आणि तिचा हात वर होईपर्यंत डोळ्याचं वांगं झालं होतं.

परतीच्या एसटीत काकू चिवडा तेवढा पोरीच्या हातावर घालत राहिली. कंडक्टरनं विचारलं, "काय झालं बाई हिले?" तर काकू खिडकीबाहेर पाहायला लागली. पोरीसाठी काकूला काय काय सांगायचं ते मी मनातल्या मनात जुळवत होतो, पण धीर होईना.

घरी पोचलो तेव्हा अजून चांगलं ऊन होतं. जागेश्वरकाका बाहेर आले, पोरीकडे पाहिलं आणि ओट्यावर बसूनच गेले. शकुनबाई धावत आली. "अगे माय! डोळा कुठी गेला व हिचा?"

काकूनं पिशवी ठेवली, आत जाऊन टॉर्च आणली आणि डिंपलची हनुवटी धरली. तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं. कोणालाही न सापडणारी ती पोरगी आता एका जागी उभी होती. भुवईपासून गालापर्यंत सगळं काळंनिळं, एसटी स्टँडवरून दिसेल असं. काकूनं बराच वेळ पाहिलं. मग टॉर्च बंद केली.

"मले त काहीच दिसत नाही," ती म्हणाली.

"अवो बाई, हे एवढं मोठं..." शकुनबाई बोट दाखवायला लागली.

"माही नजर आता कमी झाली," काकू म्हणाली, आणि डिंपलकडे वळली. "सकाळी पळाले जाशीन ना व? का जिंकली म्हणून झोपून राहशीन?"