मावसाजींचं नाव आणि टॅबचं बटन

माझी नोकरी पुण्याच्या कंपनीत आणि खुर्ची अमरावतीत, मावशीच्या ओसरीवर. मी काय काम करते ते सांगितलं की लोक आधी मान डोलावतात आणि मग विषय बदलतात. कॉम्प्युटरवर आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत फाइलच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून टॅबचं बटन दाबलं, की उरलेलं नाव आपोआप पुरं व्हावं, एवढंच ते काम. पण नावात मोकळी जागा आली की यंत्राला वाटतं नाव संपलं. मग त्या जागेआधी एक तिरकी काडी, म्हणजे बॅकस्लॅश, घालावी लागते, किंवा सगळं नाव अवतरणचिन्हांत बसवावं लागतं. काडी कुठे हवी आणि कुठे नको हे टॅबला कळायला पाहिजे. तिथेच माझं घोडं पेंड खात होतं.

घरात त्या दिवशी वेगळंच घोडं अडलं होतं. मावशीचे यजमान, म्हणजे आमचे मावसाजी, फुलांचा धंदा करतात आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पिवळा झेंडू मागितला की केशरी देतात. मागच्या आठवड्यात स्कूटर सरळ उभ्या म्हशीवर घातली. म्हशीला काही झालं नाही, पण तेव्हापासून ती आमच्या घराकडे संशयानं बघते. अकोल्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशीची तारीख मिळाली होती, दुपारच्या एसटीनं निघायचं होतं, आणि मावसाजी खाटेवरून हलायला तयार नव्हते.

"तू माह्यं नाव घे, मी येतो," ते मावशीला म्हणाले. "लगन झाल्यापासून कान तरसून राहिले."

मावशी नवऱ्याचं नाव घेत नाही. रेशनच्या दुकानात विचारलं तरी ती मुकाट्यानं आधार कार्ड पुढे सरकवते. तरी तिनं पदर खोचला आणि उखाणा घेतला: "परतवाड्याच्या बाजारात संत्र्याले भाव, मोतीबिंदू काढाले चला, अमुकराव!" (‘अमुक’ हा शब्द माझा. खरं नाव मी लिहिणार नाही, मला त्याच घरात जेवायचंय.)

"उखान्यातलं मोजत नाई," मावसाजी म्हणाले. "ते घोंगडं पांघरून येते. मले उघडं नाव पायजे."

मावशी फणकाऱ्यानं माझ्याशेजारी येऊन बसली. मी टॅब मारत होते. तिनं दोन-चार वेळा बघितलं आणि तिचे डोळे चमकले.

"म्हंजे मी एकच अक्षर मारतो, अन् पुढचं नाव हे घेते?"

"हो."

"मंग पाप याच्या माथी. त्यायच्या नावाची फाइल बनव."

मी बनवली. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, आणि मधोमध दुकानाच्या पाटीवर असतं तसं टोपणनाव, दुहेरी अवतरणात. टॅबची परीक्षा घ्यायला याहून खवट नाव मला शोधून सापडलं नसतं. मावसाजीही खुशीत उठून आले, कारण मावशी एक अक्षरसुद्धा मारणार नाही अशी त्यांची खात्री होती.

मावशीनं अक्षर मारलं, टॅब दाबलं आणि नाव झरझर उमटलं. प्रत्येक मोकळ्या जागेपाशी आणि प्रत्येक अवतरणापाशी एकेक काडी. फाइल उघडली. मावशीनं टाळी वाजवली.

मावसाजींनी पडद्याला नाक टेकवलं. "हे माह्यं नाव नाई. याच्यात काड्या घुसल्या."

मी मावशीला म्हटलं, आधी एकेरी अवतरण उघड, मग अक्षर मार. काड्या येणारच नाहीत. तिनं तसं केलं आणि माझी अब्रू गेली. अवतरण उघडं असूनही माझ्या टॅबनं आत काड्या घातल्याच, आणि अवतरणाच्या आत काडीही नावाचाच भाग धरली जाते, म्हणून यंत्रानं सांगितलं की अशी फाइल नाही.

"पाह्य, यंत्र बी म्हनते असा मानूस नाई," मावसाजी खदखदून हसले. "मंग ऑपरेशन कोनाचं करता?"

मला खरोखर राग आला, निम्मा त्यांचा आणि निम्मा स्वतःचा. मी तिथेच चूक शोधली: अवतरण उघडं आहे की नाही, हे मी टॅबला बघायलाच सांगितलं नव्हतं. ते सांगितलं. तोवर मावशीनं पिशवी भरली, दशम्या बांधल्या. मग तिनं पुन्हा अवतरण, अक्षर, टॅब केलं. स्वच्छ नाव आलं, एकही काडी नाही. मला नाचावंसं वाटलं.

"कुंपनातलं हाये," मावसाजी म्हणाले. "उखान्यासारखंच झालं. उघडं पायजे."

"उघडं लिहिलं तर यंत्र तुमचे चार तुकडे करेल," मी ओरडले.

"तुह्यं यंत्र जाऊ दे. मी हिले म्हनून राहिलो," म्हणत मावसाजी परत खाटेवर जाऊन बसले.

घड्याळात एसटीची वेळ होत आली होती. मावशीनं लॅपटॉपचं झाकण हातानं बंद केलं, मावसाजींसमोर उभी राहिली, आणि त्यांचं नाव घेतलं. नुसतं नाव, मागे राव नाही, पुढे उखाणा नाही. आणि म्हणाली, "ऊठ. चप्पल घाल."

मावसाजी उठले. त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. ते पायानं चप्पल चाचपायला लागले, खाटेखाली, मग दाराकडे. चप्पल त्यांच्या पुढ्यातच होती. मावशीनं ती पायानं सरकवून त्यांच्या अंगठ्याला लावली.

"अजून एक डाव म्हन ना वं," ते हळूच म्हणाले.

"पयले डोये," मावशी म्हणाली.