मावशींच्या खाचरांची तीन वर्षं

सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटांची दफ्तरं नीट ठेवणं हे माझं काम. देहूरोडहून लोकलनं कामशेतला उतरायचं, पवनानगरची जीप धरायची आणि जीप सोडेल तिथून पुढे चालायचं. खांद्यावरच्या पिशवीत गटातल्या सगळ्यांच्या डायऱ्या. शेतात काय घातलं, कधी घातलं, बी कुठून आणलं, शेजारी काय फवारतात, सगळं त्यात उतरवायचं. लिहिलं नाही ते घडलं नाही, असा या कामाचा कायदा आहे.

गटात सगळ्यात वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर, एका मावशींची भाताची दोन खाचरं आहेत. नवरा गेलेला, मुली सासरी. त्यांच्या मातीत युरिया कधी पडलाच नव्हता. तेवढी गोणी डोक्यावरून वर नेणार कोण? तरी मला त्यांना सांगावं लागलं, की सेंद्रिय शेतीच्या दाखल्याला तीन वर्षं लागतील आणि ती नाव नोंदवलं त्या दिवसापासून धरतात.

"आन् त्येच्या आदीचं?" त्यांनी विचारलं.

"त्याचा कागद नाही, मावशी."

"बरं. धरा मग आजपास्नं."

भांडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्यांना द्यायची उत्तरं माझ्याकडे तयार असतात.

मावशींना लिहिता येत नाही. त्या सांगायच्या, मी लिहायचे. तारीख विचारली की म्हणायच्या, "गाय व्याली त्येच्या दुसऱ्या दिशी शेनखत टाकलं." मग मी गाय कधी व्याली ते खाली विचारत फिरायचे. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी मावशींच्या वरच्या माळावर कुणीतरी तंबू ठोकले. शनिवार-रविवारी शहरातली माणसं यायला लागली. श्रावणात तंबूवाल्यांनी गवत मारायला माळावर तणनाशक मारलं आणि त्याच दिवशी दुपारी पाऊस आला. आठवड्यानं मी गेले, तर मावशींच्या वरच्या बांधावरचं गवत करपल्यासारखं पिवळं पडलेलं. गटाची तपासणी चार दिवसांवर होती. आमच्या गटात तपासायला बाहेरचं कुणी येत नाही. सभासदच एकमेकांच्या शेतात जातात, बघतात आणि सह्या करतात.

गटप्रमुख भाऊंनी मला बाजूला घेतलं. "ताई, बांधावरचं गवात कापून टाकतो. म्हातारीचं तिसरं वरीस हाय. तिची काय चूक हाय यात?"

भाऊ वाईट माणूस नव्हेत. मावशींची खाचरं दरवर्षी तेच नांगरून देतात, आणि त्याबद्दल कुठे बोलत नाहीत. मी त्यांना हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्या दिवशी पाय दुखत होते, अजून दोन शेतं बाकी होती, आणि आणखी एक नियम समजावून सांगायचं त्राण माझ्यात उरलं नव्हतं. खरं सांगायचं तर एवढंच.

तपासणीला भाऊ, गटातले आणखी तिघं आणि मी असे गेलो. बांध स्वच्छ कापलेला होता. भाऊ फॉर्मवरचे प्रश्न वाचत होते. "भायेरून काई औषद आलं का?" असं वाचता वाचताच त्यांनी 'नाही' लिहायला पेन टेकवलं.

"आलं की," मावशी म्हणाल्या. "तंबूवाल्यांचं. पान्यासंगं आलं."

"मावशी, कुटं आलं? उन्हानं गवात पिवळं पडलं वाईच."

"उन्हानं? सरावनात?" मावशी हसल्या. "बेडकं मेली माज्या खाचरात. लिवा त्ये."

"लिवलं तर तीनी वर्सं परत पयल्यापास्नं!" भाऊंचा आवाज चढला.

मावशी माझ्याकडे वळल्या. "ताई, तुमीच म्हनला व्हता. आदीचं खरं व्हतं, पन कागद न्हाई म्हनून धरलं न्हाई. मंग आता कागद हितंच हाय, तर ह्ये धरा."

भाऊंनी पेन माझ्या हातात दिलं आणि ते बांधावर जाऊन उभे राहिले. मी लिहिलं. वरचं पाणी खालच्या खाचरात उतरतं, म्हणून दोन्ही खाचरं लिहिली.

परतताना मी तंबूंवर गेले. तिथल्या मॅनेजरनं खुर्ची दिली, चहा दिला. "मॅडम, गेस्ट सापांना घाबरतात, गवत मारावंच लागतं," म्हणाला. खाली भात आहे हे त्याला दिसत होतं. पाणी तिकडे जातं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. मालकाला सांगतो म्हणाला. मालकाला मी दोनदा लेखी पत्र दिलं. उत्तर आलं नाही.

पाऊस उघडल्यावर भाऊ एक दिवस पहार घेऊन वर गेले. मागून बाकीचेही गेले. दोन दिवस खपून त्यांनी खाचरांच्या वरच्या अंगाला चर खणला, पाणी ओढ्याकडे वळवलं. मला कुणी बोलावलं नव्हतं. डायरी भरताना मावशींनीच सांगितलं.

बाकीच्यांना दाखले मिळाले. देवळात छोटा कार्यक्रम झाला, मावशी येऊन बसल्या, सगळ्यांबरोबर जेवल्या. त्यांचं भात मात्र बाजारात बिनदाखल्याच्या भातात मिसळून गेलं.

आता त्यांचं नव्यानं धरलेलं दुसरं वर्ष चालू आहे. यंदा तंबूवाल्यांनी माणसं लावून गवत कापलं. पुढच्या वर्षी काय करतील कोण जाणे. भाऊ माझ्याशी कामापुरतं बोलतात. खरं लिहायला मावशींनी लावलं, आणि त्यांची तीन वर्षं पुसली गेली ती माझ्या अक्षरानं, हे भाऊंना दिसतं, मलाही दिसतं.