डावरीचं म्यान

पडद्याआडचं बोलणं ऐकू नये म्हणतात. पण घरात भिंतीच्या जागी पडदाच असेल तर माणसानं कान काय काढून ठेवायचे? लहानपणी तिनं तसंच एक भांडण ऐकलं. बाप चामड्याच्या पिशव्या, पट्टे शिवायचा. आई म्हणत होती, "पोरीला शिकवा की. बघून बघून अर्धं तर तिला येतंच."

बाप उखडला. "डावरी आहे ती! डाव्या हातात आरी दिली तर स्वतःच्याच मांडीत खुपसून घेईल. दुकानात धाकटा बसेल. संपलं."

संपलं म्हणजे संपलंच. चामड्याला भोकं पाडायची ती आरी धाकट्या भावाकडे गेली आणि आईनं लेकीच्या हातात स्वतःचा भाजीचा चाकू ठेवला. "आरी नाही तर नाही. यावर पोट भर."

पोट भरलं खरंच. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ती भाज्या चिरायला लागली आणि चिरता चिरता म्हातारी झाली. नाव होतं तिला चांगलं, पण सगळे डावरीच म्हणायचे. चाकूची धार तिनं आपल्या हाताच्या बेतानं लावलेली. दुसऱ्यानं धरला की कांदासुद्धा तिरका कापायचा. म्हणून रोज काम आटपलं की ती तो फडक्यात गुंडाळून घरी न्यायची.

एके दिवशी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिच्या पिशवीत हात घातला आणि बोट कापून घेतलं. केवढा तमाशा! "मावशी, म्यान असेल तर न्या, नाहीतर आत ठेवा. उघडा चाकू फाटकाबाहेर जाणार नाही."

आत ठेवला, तर दुसऱ्याच सकाळी मुख्य आचाऱ्यानं त्या चाकूनंच तेलाचा डबा फोडला. धारेला ही एवढी खाच! वर दात काढून म्हणतो, "तुझ्या आईचा आहे म्हणून काय आरती ओवाळू?" डावरी त्याला नाही नाही ते बोलली आणि दगडावर घासून खाच काढत बसली. असं चार वेळा झालं असतं तर आईच्या चाकूची सळई उरली असती.

म्यान शिवणारा ओळखीतला एकच, आणि त्याच्याशी बोलणं कधीचं तुटलेलं. तरी गेली भावाच्या दुकानात.

"डाव्या कमरेचं आम्ही शिवत नाही," भाऊ मान वर न करता म्हणाला. ताई म्हणणं त्यानं केव्हाच सोडलं होतं.

"नको शिवूस. चामडं दे."

"तू शिवणार? बाबांना वरून बघवायचं नाही."

"मग डोळे मिटायला सांग त्यांना."

त्यानं कुत्र्याला टाकावा तसा एक तुकडा तिच्या पायाशी टाकला. तिनं उचलला. गरज तिची होती.

घरी सून म्हणाली, "आई, बाजारात प्लॅस्टिकचं मिळतं की."

"तुझा नवराही बाजारातूनच आणायला हवा होता. बदलून तरी मिळाला असता."

तिनं चाकू चामड्यावर ठेवला आणि झबल्याचं कापड कापावं तसं बरोब्बर मापात कापलं. शिवून झाल्यावर चाकू अर्ध्यातच अडकला. चामड्याच्या जाडीलाही जागा लागते, हे झबली शिवणाऱ्या हाताला कुठून कळणार? दुसरं म्यान तिनं उरलेल्या चामड्याचं ऐसपैस शिवलं. पहारेकऱ्यानं ते उलटंसुलटं करून बघितलं आणि तोंड वाकडं करून तिला सोडलं. डावरी हवेतच चालायला लागली. पण धार आतल्या आत एकेक टाका कापत होती. नेमकी भावाच्या दुकानासमोर शिवण उसवली आणि चाकूचं टोक तिच्या मांडीत घुसलं.

भाऊ दारातच उभा. "घुसला ना? बाबा म्हणालेच होते!" पाणीसुद्धा विचारलं नाही.

ती त्याच्याच पायरीवर बसून मांडीला फडकं बांधू लागली. वर खुंटीला एका खाटकाचं म्यान लटकत होतं. तिनं त्याची कड बघितली. दोन पदरांच्या मधे, शिवणीत धरलेली आणखी एक अरुंद पट्टी! म्हणजे धार पट्टीवर टेकणार, दोऱ्यापर्यंत पोचणारच नाही. भावाला तिची नजर कळली. त्यानं म्यान भिंतीकडे फिरवलं.

"दुकान बंद झालंय."

"झालं असेल. माझं बघून झालंय."

दुसरं उसवून तिसरं म्यान शिवताना तिनं मधे पट्टी घातली. दोऱ्याला मेण लावून दोन सुयांनी शिवलं. चामडं भिजवलं, चाकू प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत घातला आणि वरून दाबत राहिली, तेव्हा चामड्यानं चाकूचा आकार धरला. मग सावलीत वाळवलं. टाके एका रेषेत नव्हते, बाजारातून परतणाऱ्या बायकांसारखे घोळक्यानं चालले होते. पण एकही तुटला नाही.

तेव्हापासून ती रोज म्यान डाव्या कमरेला लावून घरी जायची. दुकान वाटेत डाव्या हाताला, रस्त्यापलीकडे यायचं. ती मुद्दाम रस्ता ओलांडायची, म्यान भावाला जवळून दिसावं म्हणून. तो रोज म्हणायचा, "टाका वाकडा आहे." ती रोज म्हणायची, "मान वाकडी कर, सरळ दिसेल." दोघांमधे उरलेलं बोलणं ते एवढंच.

मग एका दुपारी चिरता चिरता तिला घेरी आली. "इथं मरू नकोस, निस्तरावं मला लागेल," म्हणत आचाऱ्यानं तिला रिक्षात घातलं. चाकू राहिला ओट्यावर. ऊन उतरल्यावर ती कण्हत उठली.

सून म्हणाली, "आई, अंगात ताप आहे. उद्या आणू."

"उद्यापर्यंत तो डबे फोडेल," म्हणाली आणि रिकामं म्यान कमरेला खोचून निघाली. हा तिचा शेवटचा फेरा, हे तिला ठाऊक नव्हतं, फाटकावर तिच्याकडे रागानं बघणाऱ्या पहारेकऱ्यालाही नव्हतं.

आचाऱ्याच्या हातात चाकू होता आणि पुढ्यात डबा. "मेली नाहीस होय?"

"चाकू ठेव खाली."

तिनं चाकू धुतला, पदरानं कोरडा केला, म्यानात सरकवला. फाटकावर कंबर दाखवली. भिंतीला धरत दुकानाजवळ आली, क्षणभर टेकली आणि रस्ता ओलांडून त्याच्या दारासमोर गेली.

"टाका वाकडा आहे," भाऊ आतून म्हणाला.

"मान वाकडी कर," ती म्हणाली, दम खाल्ला, "सरळ दिसेल."

आणि घराकडे वळली.